आत दुमडलेली कड

संडास तुंबलेलाच राहिला, तर सूनबाईचा फायदाच फायदा होता. सासूबाई उद्या थोरल्या मुलाकडे जाणार, आतली खोली मोकळी होणार, आणि हॉलमधल्या सोफ्यावर नवऱ्याच्या पायांशी डोकं करून झोपणं संपणार. त्यासाठी तिला काहीच करायचं नव्हतं. आणि काहीच न करण्याइतकी दमलेली ती रोजच असायची.

कमोड नवऱ्याने हौसेने आणलेला. कमी पाण्याचा. आल्यागेल्याला तो बटण दाबून दाखवायचा, "बघा, तांब्याभर पाण्यात काम!" काम व्हायचं ते पाहुण्यांसमोर. एरवी तांब्याभर पाणी यायचं, घुटमळायचं आणि तिथेच वस्ती करायचं.

"तुझ्या वडिलांवर गेलाय," सासूबाई आधी मुलाची थट्टा करायच्या. "घेताना घेतो, सोडताना जीव जातो."

पण एकदा तुंबल्यावर नवरा वैतागून बोलून गेला, "आई, टाकतेस तरी काय त्यात?" तेव्हापासून त्यांची थट्टा बंद झाली. मग त्यांनी थोरल्याला फोन लावला. "त्याचा कमोड जुना आहे. धबधबा नुसता," फोन ठेवून एवढंच म्हणाल्या.

उपसायचं काम सूनबाईकडेच होतं, कारण नवऱ्याची कंबर नेमकी त्याच वेळी धरायची. पहिला प्लंजर, म्हणजे दांड्याचा रबरी दट्ट्या, आणला तो अर्ध्या चेंडूसारखा; बेसिनला बरा, कमोडात नुसता फटफट वाजायचा. मग दुकानदाराने "खास कमोडचा" म्हणून काळा, जाड, वजनदार दिला. त्याच्याही बाजूंनी हवा सुटायची. तो कोपऱ्यात उभा राहिला, घरातल्या इतर शोभेच्या वस्तूंसारखा.

आज ती कारखान्यातून आली तेव्हा दाराशी सासूबाईंची बॅग भरलेली आणि कमोड काठोकाठ. तिचा अंगठा बधिर झाला होता. दिवसभर शर्टांच्या शिवलेल्या कॉलरी आतून अंगठ्याने ढकलून सुलट्या करायच्या, हे तिचं काम.

"उद्या प्लंबर बघू," नवरा पेपरातून म्हणाला.

"कालचा उद्या कुठे गेला?"

तिने चहा टाकला. सासूबाईंनी कप हाताने मागे सारला. "नको गं. चहा घेतला की मग जावं लागतं."

"आणि पाणी? पाणी तरी प्यायलात का?"

"घोटभर. गोळीपुरतं." त्यांचे ओठ कोरडे पडून सोलवटले होते. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. उद्या जातेच आहे."

सूनबाईने गॅस बंद केला आणि काळा प्लंजर उचलला. धुवावा म्हणून उलटा केला, अंगठा आत गेला आणि थांबला. आत एक घडी होती. रबराची कड आतल्या आत दुमडलेली, कारखान्यात तिच्यासमोर येणाऱ्या प्रत्येक कॉलरीसारखी. पॅक करताना कुणीतरी दुमडली असणार. तिने सवयीने ढकललं. फट्! एक निमुळती नळी बाहेर आली, बरोबर कमोडाच्या तोंडाच्या मापाची.

दिवसभर दुसऱ्यांच्या कॉलरी सुलट्या करायच्या आणि घरातली एक दिसू नये! तिला हसूही येईना.

ती तशीच उभी राहिली. कड परत आत ढकलायला एक अंगठा पुरे होता. कुणाला कळलं नसतं. बॅग दाराशी होतीच.

स्वयंपाकघरात सासूबाई कोरड्या घशाने खोकल्या.

तिने बादली भरून घेतली, एका जुन्या डब्याने कमोडातलं उपसलं, मग प्लंजरची नळी पाण्यात बुडेल इतकं स्वच्छ पाणी ओतलं.

"अगं, पाणी!" नवरा धावत आला. कंबर बरी दिसत होती.

"लिहून ठेवा माझ्या नावावर."

तिने नळी कमोडाच्या तोंडात बसवली, हळूच दाबलं आणि जोरात ओढलं. पुन्हा. पुन्हा. आतून ढेकर आल्यासारखा आवाज झाला आणि सगळं गर्रकन खाली गेलं.

हात धुऊन तिने पाण्याचा पेला सासूबाईंसमोर ठेवला. "प्या. दोष तुमचा नव्हता. प्लंजरची कड आत दुमडलेली होती. आता तुंबला तरी दोन मिनिटांत मोकळा होईल."

सासूबाईंनी पेला एका दमात संपवला, मग दुसरा मागितला. तिसऱ्याला म्हणाल्या, "थोरल्याला कळव बाई, येत नाही म्हणून. त्याची बायको तेवढीच खूश होईल."

तेव्हा जमा बाजू अशी: सासूबाईंना पाणी मिळालं, नवऱ्याच्या कमोडाची अब्रू राहिली, थोरल्याच्या घरची शांतता राहिली. खर्चाच्या बाजूला एक आतली खोली. ती किंमत भरली सूनबाईने, सोफ्यावर, नवऱ्याच्या पायांशी डोकं करून.