पंचावन्न घटका

माझ्या भाचीचं लग्न झालं होतं की नाही, हे ठरवून घ्यायला आम्हाला बेलापूरहून मुंबईला जावं लागलं. बेलापुरात कुणालाही विचारलं असतं तरी चाललं असतं. दोनशे पान उठलं होतं. बुंदी कमी पडली म्हणून वरपक्षाकडचे एक काका रुसून प्रवरेच्या वाळवंटात जाऊन बसले होते, त्यांना आणायला माणसं धावली होती. एवढं सगळं घडलं, पण दाखला कुठं आहे? आमच्यात लग्न लागतं, त्याची नोंद कुणी करत नाही. ज्यांनी अक्षता टाकल्या त्यांच्या ध्यानात ते राहतं, तीच नोंद.

अंबिका माझ्या भावाची मुलगी. दादा गावचे उपाध्ये. मुंज, लग्न, वास्तू, सगळ्यांचे दिवस तेच काढून देत. जावई शामकांत, आफ्रिकेतल्या एका बंदरावर रेल्वेत तारमास्तर. लढाई संपल्यावर सेहेचाळीस साली रजेवर आला, मुलगी पाहिली, लग्न केलं आणि बाविसाव्या दिवशी बोटीवर चढला. त्यालाही पावणेतीन वर्षं झाली. आता त्याला रेल्वेचं घर मिळालं होतं. त्यानं बायकोसाठी अर्ज केला, तिकडून बोलावण्याचा कागद आला. त्यावर मुंबईच्या वकिलातीचा शिक्का हवा, त्याची मुदत फेब्रुवारीअखेर. त्यानंतर तिकडचे कायदे बदलणार आणि बायकामुलांना नेणं बंद होणार, असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. पुढची रजा आणखी तीन वर्षांनी.

ताक न्यायला येणारी भीमाबाई रोज ओसरीवर टेकायची आणि रोज विचारायची.

"आत्याबाई, जावायानं तिकडंच दुसरा घरोबा केला न्हाई ना? मी न्हाई म्हनत, लोकं लई बोलत्यात."

"लोकांना म्हणावं, पोरगी बोटीत बसली की गावभर ताक वाटीन."

"व्हय, पन कवा बसायची?"

आतमध्ये अंबिका तांदूळ निवडत असायची.  तिचं सूप जरा जोरात आपटायचं.

दादा गुडघ्यांनी बसलेले, म्हणून सोबत मी गेले. निघताना दादांनी लग्नाची पत्रिका दिली. लढाई संपली तरी कागद मिळत नव्हता, तेव्हा छापखान्याच्या नादी न लागता दादांनी सगळ्या पत्रिका स्वतःच्या हातानं लिहिल्या होत्या. उरलेली ती एकच. चुरगळू नये म्हणून त्या वर्षीच्या पंचांगात घालून, वर फडकं बांधून त्यांनी ती माझ्या हातात ठेवली.

वकिलातीच्या कचेरीत दहाला बोलावलं होतं, आत घेतलं साडेबाराला. तेही अंबिकेला एकटीला. पत्रिका काढून तिच्या हातात दिली, पंचांग माझ्याकडं राहिलं. मला बाहेरच्या बाकावर बसवलं. पण दार अर्ध्या उंचीचं, झुलतं. साहेबाच्या टेबलाखालचे बूट मला दिसत होते आणि दुभाष्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. दुभाष्या आपल्यातलाच, टाय लावलेला.

"बाई, तुमच्या यजमानांच्या घराला खोल्या किती?"

"मी ते घर पाहिलेलं नाही."

"नवऱ्याचं घर पाहिलेलं नाही?"

"ते पाहायला जायचंय, म्हणून तर इथं आलेय."

मला बाकावर हसू आलं. मग आतल्यांना आलं, आणि माझं गेलं. त्यांचं हसणं निराळं होतं.

"यजमानांच्या अंगावर कुठं काही खूण?"

 बावीस वर्षांची मुलगी, दोन परक्या पुरुषांपुढं बसलेली. ती काय सांगणार, आणि का सांगावं? साहेबाच्या बायकोला कुणी असं विचारलं असतं का?

"साहेब विचारतात, एकत्र किती दिवस राहिलात?"

"बावीस."

"बावीस दिवसांत नवरा कळतो का, म्हणतात."

"जेवढा कळला, तेवढ्यावर पावणेतीन वर्षं काढलीत म्हणावं."

हे त्यानं साहेबाला सांगितलं की नाही, देव जाणे. फार थोड्या शब्दांत सांगितलं एवढं खरं.

"लग्नाची तारीख?"

"दहा मे, एकोणीसशे सेहेचाळीस. शुक्रवार."

आत कागद चाळल्याचा आवाज झाला. बूट हलायचे थांबले.

"पुन्हा सांगा."

"दहा मे. शुक्रवार."

"तुमच्या यजमानांनी अकरा मे लिहिलंय. शनिवार."

"शुक्रवार," अंबिका म्हणाली. "पत्रिकेतही शुक्रवारच आहे."

"पत्रिका काय, हातानं लिहिलेली. घरी बसून कालसुद्धा लिहिता येते."

मग तो इंग्रजीत काही बोलला, साहेब बोलला, आणि दौतीत टाक बुडवल्याचा आवाज आला. मी उठले आणि दार ढकलून आत गेले. शिपाई "ओ बाई" म्हणत मागं आला, त्याला म्हटलं, "मुलीकडचं माणूस आहे मी. लग्नात होते."

साहेब लाल शाईनं लिहीत होता. दुभाष्यानं मला उभीच ठेवलं आणि समजावलं. नवरा-बायकोच्या जबाबात फरक पडला की साहेबांना संशय घ्यावाच लागतो. स्वतःची बायको म्हणून दुसऱ्याच बायका नेतात लोक. तरी साहेब दयाळू आहेत. बाईंनी लिहून द्यावं की, मी दिलेली तारीख खोटी होती, पत्रिकेतली चुकीची आहे, लग्न अकरा तारखेला शनिवारी झालं. मग शिक्का मारतील.

खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं.

"कर सही, अंबे."

"लग्न शुक्रवारी लागलंय, आत्या."

"लागलं असेल. एक वार इकडचा तिकडं. नवरा तिकडं राहिला तर शुक्रवार घेऊन काय करणारेस?"

"बाबांनी वार चुकवला, असं लिहून देऊ?" ती माझ्याकडं वळली. डोळे कोरडे होते, नाकाचा शेंडा लाल. "उभ्या गावाला वार सांगण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांनी एकुलत्या मुलीचा वार चुकवला? आणि मी खोटं बोलले? दोन्ही माझ्याच सहीनं?"

 दुभाष्या घड्याळाकडं बघत होता. अंबिकेनं त्याच्यापुढं पत्रिका सरकवली.

"तुम्ही साहेबांना यातलं काय काय सांगितलंत, तेवढं मला वाचून दाखवा."

"सगळं सांगितलं."

"वाचा ना."

त्यानं भराभर वाचलं. "शके अठराशे अडुसष्ट, वैशाख शुद्ध नवमी, शुक्रवार... विवाह करण्याचे योजिले आहे."

"शुक्रवारच्या पुढं काय आहे?"

"ते काहीतरी पुरोहिती असतं. त्याला इंग्रजीत शब्द नाही."

मी वाकून पाहिलं. दादांचं मोत्यासारखं अक्षर. 'शुक्रवार, सूर्योदयात् घटी पंचावन्न.'

पंचावन्न घटका! माझ्या डोळ्यांपुढं तो मांडव उभा राहिला. पहाटेचा मुहूर्त. पोरं अक्षता मुठीत धरून झोपलेली. गॅसबत्ती फडफडायला लागली म्हणून नवरदेवाच्या पाठीशी मी समई घेऊन उभी होते. मंगलाष्टकं चालू असताना शामकांतानं अंतरपाटाआड हळूच मनगट वळवून घड्याळ पाहिलं. चार वाजून पाच मिनिटं. मलाही दिसली. तेव्हा मनात आलं होतं, रेल्वेचा माणूस, लग्नातसुद्धा गाडीची वेळ बघतोय.

त्याचा शुक्रवार चार तासांमागंच संपला होता. रेल्वेत रात्री बाराला तारीख बदलते. दादांचा शुक्रवार अजून चालू होता. दोघं एका मांडवात, एका अंतरपाटाच्या दोन बाजूंना, आणि दोघंही खरे.

मी फडकं सोडलं आणि पंचांग साहेबाच्या टेबलावर, त्याच्या लाल शाईशेजारी उघडं ठेवलं.

"सांगा यांना. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. पंचावन्न घटकांचे तास किती होतात, मांडा म्हणावं."

दुभाष्या चाचरत सांगू लागला. साहेबानं टीपकागदावर आकडे मांडले. बावीस.

"त्या दिवशी सूर्य सहा वाजून पाच मिनिटांनी उगवला, हे बघा इथं लिहिलंय. शुक्रवारच्या उजाडण्यापासून बावीस तास मोजायला सांगा."

टेबलावरच्या घड्याळाकडं बघत साहेबानं बोट काट्यासारखं हवेत फिरवलं. मग थांबला आणि पहिल्यांदाच अंबिकेच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"साहेब विचारतात, तुमच्यात दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो?"

"उजाडल्याशिवाय दिवस कसा सुरू होईल?" मी म्हटलं. "त्यांच्यात अंधारात होतो का?"

हे त्यानं सांगितलं नाही. पुढचं मात्र आम्हाला सांगितलं, "साहेब म्हणतात, हे आधीच सांगायला हवं होतं."

"आधीच लिहून आणलं होतं," अंबिका म्हणाली. "तुम्ही वाचलं नाहीत."

टायवाल्यानं खाली पाहिलं. त्याला ओशाळं वाटलं असेल, तर त्याचा आम्हाला काय उपयोग? दोन ओळींतला एक शब्द अवघड गेला, आणि तेवढ्यासाठी मुलगी नवऱ्याची कुणी नाही ठरायची होती.

साहेबानं तारखेच्या चौकटीत अकरा मे लिहिलं. चौकट एकच असते, म्हणे. शिक्का मारला. 'चुकलो' हा शब्द कुठल्याही भाषेत उमटला नाही. साहेब टोपी घेऊन जेवायला गेला.

कागद हातात आले आणि मी पंचांग बांधायला घेतलं. संध्याकाळची गाडी धरायची होती. अंबिका मात्र बंदरावर उतरताना दाखवायचा कागद पाहत उभी होती. त्यावर ती लाल ओळ तशीच होती.

"हे काय लिहिलंय?" तिनं दुभाष्याला विचारलं.

"काही नाही. जुना शेरा आहे. आता शिक्का बसला ना?"

"पण लिहिलंय काय?"

त्यानं घसा खाकरला. "बाईंचे विधान असत्य. विवाह संशयास्पद."

"हे खोडून द्या."

"मला अधिकार नाही. साहेब तीनला येतील. आणि बाई, एकदा राजी झालेल्या साहेबाला पुन्हा कशाला डिवचता? कागद परत मागून घेतला तर?"

मी तिचा दंड धरला. "अंबे, चल गं. कोण वाचतंय तिकडं?"

"तिकडचा साहेब वाचेल. शेजारी हे उभे असतील." तिनं बाहेरच्या बाकावर बसकण मारली. "त्यांच्यासमोर कुणी हे वाचलेलं मला चालायचं नाही. तू हवं तर गाडी गाठ."

गाडी कसली गाठते! बसले शेजारी. दशम्या काढल्या. तिनं एकही घेतली नाही. तिनं तो कागद दोन्ही हातांनी धरला होता. मला वाटलं, लहानपणी पडली की रडायची नाही, आधी किती खरचटलंय ते बघायची, तशीच आहे अजून. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिनं तो झटकला, मग स्वतःच ओढून मांडीवर ठेवून घेतला.

साहेब सव्वातीनला आला. आम्हाला पाहून कपाळाला आठ्या पडल्या. अंबिका उठली, कागद पुढं केला आणि लाल ओळीवर बोट ठेवलं. दुभाष्या धावत आला, पण तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. साहेबानं ओळ वाचली. कागद घेतला, आत गेला. दार बराच वेळ झुलत राहिलं. आता कागद येतच नाही, असं मी धरून चालले.

आला तेव्हा लाल ओळीवर काळ्या शाईच्या दोन आडव्या रेघा होत्या आणि कडेला साहेबाची सही. अंबिकेनं तो उजेडाकडं धरला. खालचं अजून वाचता येतंय का, ते पाहिलं. मग घडी घातली.

तिसऱ्या दिवशी सकाळी भीमाबाई ओसरीवर हजर.

"घावला का शिक्का?"

"घावला. आणि एक ओळ खोडून आणलीय."

"कसली वळ?"

आतून अंबिका ताकाची कासंडी घेऊन आली. भीमाबाईच्या लोटीत काठोकाठ ओतलं आणि म्हणाली, "लोकांनाही द्या हो यातलं थोडं थोडं."