आकारामचं पाचट

"सापकिरडं हुतील, उंदरं हुतील. मग मला म्हणू नगा," बांधावरून आकारामची बायको लीलाबाई म्हणाली.

आकारामनं मान वर केली नाही. ऊसतोडीनंतर रानात पडलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, तो सरीत दाबत होता. कडेगावच्या या शिवारात ऊस कारखान्याला गेला की पाचट पेटवायचं, ही रीत. त्याचा बाप तेच करायचा, जन्मभर त्यानंही तेच केलं. यंदा केलं नाही.

गेले दोन उन्हाळे उसाचे शेंडे करपले होते. असं का, हे कॉलेजात शिकणाऱ्या नातीनं, सृष्टीनं, सांगितलं होतं. गाड्यांचा, कारखान्यांचा, रानातला धूर वर जातो. त्यातले वायू साठतात आणि जमिनीची ऊब बाहेर सोडत नाहीत.

"वाकळ पांघरल्यागत?" लीलाबाईनं विचारलं होतं.

"व्हय आजी."

"मग काढून टाका की ती."

"लगीच काढता येत न्हाई. आपण आणखी जाड करायची न्हाई."

लीलाबाई तेवढ्यावर कबूल झाली होती, पण एका सालापुरती. "ह्यो खोडवा नीट फुटला न्हाई, तर फुडच्या टायमाला मी सोता पेटवणार."

शेजारचा लालासाहेब फौजेतून रिटायर होऊन आलेला. त्यानं मोटारसायकल थांबवली.

"आकाराम, तू एकटा पृथ्वी गार करणार व्हय रं?"

"पृथ्वीचं म्हाईत न्हाई. माझी सरी गार हाय. हात घालून बघ."

"आमच्या युनिटात असल्या खुळ्याला डॉक्टरकडं न्हेत्यात," म्हणत लालासाहेब हसत निघून गेला.

महिन्याभरात तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून खोडव्याचे हिरवे कोंब पाचटातून वर आले. लीलाबाई रोज येऊन बघू लागली.

मग लालासाहेबाचा ऊस गेला आणि त्यानं रान पेटवलं. पेटवण्याआधी शेजाऱ्याला हाळी द्यायची, शेजाऱ्यानं ओली पोती घेऊन बांधावर उभं राहायचं, हा गावचा नेम. पण तो शेजारी ऊस उभा असेल तेव्हासाठी. तोडलेलं रान म्हणजे जळलेलंच रान, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. लालासाहेबानं हाळी दिली नाही.

वारं फिरलं आणि जाळ बांधावरून अलीकडं आला. आकाराम आणि लीलाबाई पोती घेऊन धावली, मागून लालासाहेबही. तिघांनी झोडपून झोडपून जाळ अडवला, तोवर अर्धं रान काळं झालं होतं. कोंब सुतळीसारखे वळले होते.

"भावजी, हाळी तरी द्यायची!" लीलाबाई धापा टाकत म्हणाली.

"मला ध्यानातच न्हाई ऱ्हायलं वैनी. समद्यांची जळल्यालीच असत्यात." लालासाहेबाच्या भुवया भाजल्या होत्या. आकाराम विझलेल्या कडेला पुन्हा पोतं मारत राहिला.

जळलेल्या अर्ध्यातही पुढं कोंब आले, पण दुपारी माना टाकायचे. झाकलेल्या अर्ध्यातले ताठ उभे असायचे. एका सकाळी लालासाहेब ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॉली पाचटानं भरलेली.

"कुठं टाकू?"

"कुठलं हाय हे?"

"माझ्या कालव्याकडच्या तुकड्यातलं. तिथला ऊस परवा गेला. तुझं उघडं पडल्यालं झाकू."

आकारामनं काळ्या सऱ्यांकडं पाहिलं. एवढ्या पाचटात त्या झाकल्या असत्या. उन्हाळा निभला असता.

"आन् तुझ्या तुकड्याचं?"

"त्याचं काय? ऱ्हायल्यालं पेटवून दितो. या बारीला हाळी दीन, भिऊ नगंस."

"मग ने माघारी. काडी लावू नगंस, तिथंच पसर."

"येडा हायस का? भरून आणलंय गड्या. आन् हे तुझं वाळतंय की."

आकारामनं बायकोकडं पाहिलं. लीलाबाईनं जळलेलं रान एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतलं.

"भावजी," ती म्हणाली, "च्या घ्या आन् ट्रॅक्टर वळवा."

लालासाहेब चहा पिऊन पुन्हा स्टिअरिंगवर बसला.

"मला न्हाई जमत त्ये सरीत दाबायचं."

"मी येतो की," म्हणत आकाराम ट्रॉलीवर चढला.

ट्रॅक्टर कालव्याकडं गेला. लीलाबाईनं लुगडं खोचलं, मोटर चालू केली आणि जळलेल्या सऱ्यांत पाणी फिरवायला एकटीच उतरली. राखेचं पाणी तिच्या घोट्यांभोवती काळं होऊन पुढं सरकत होतं.