एव्हासियोने खाली न ठेवलेला चेंडू

मित्रांनो, माझ्यात आता हवा ठरत नाही. मी एक जुना चामडी फुटबॉल आहे, पो नदीकाठच्या सिमेंट-भट्ट्यांच्या गावात जन्मलेला. सेकोंदिना नावाच्या विधवेने अठरा तुकडे जोडून मला शिवले. नवरा गेल्यावर त्याचा खोगिरे शिवण्याचा धंदा तिनेच चालवला. गावाचा संघ देशातल्या पहिल्या श्रेणीत चढला, तेव्हा चेंडूंचे कामही तिच्याकडे आले.

१९३०च्या सप्टेंबरपासून घरच्या मोठ्या सामन्यांना मलाच बाहेर काढत. मिलान-तुरिनचे नावाजलेले खेळाडू मला लाथाडून गेले. पावसात मी दगडासारखा जड व्हायचो. डोक्याने मारणाऱ्याचे कपाळ माझे तोंड आवळणाऱ्या चामडी वादीने फाटले की मला फार वाईट वाटे. पण एव्हासियो बेर्ताना, आमचा गोलरक्षक आणि कप्तान, मला छातीशी धरायचा तेव्हा सारे विसरायला होई.

पुढच्या वसंतात एव्हासियोच्या धाकट्या भावाला सरकारविरोधी पत्रके छापल्याबद्दल दूरच्या बेटावर हद्दपार केले.

जूनमध्ये शेवटचा सामना आला. हरलो असतो तर श्रेणी गेली असती. बरोबरी पुरेशी होती. खेळाआधी रांगेत उभे राहून हुकूमशहाच्या सरकारी मंडळींपुढे सलामीसाठी उजवा हात उंचावण्याचा दंडक होता. दहा हात वर गेले. एव्हासियोने मला दोन्ही हातांनी धरून ठेवले.

"अरे, चेंडू खाली ठेव!" संघाचे चिटणीस मागून पुटपुटले. "हात वर कर, सगळे बघतायत."

"चिखल आहे, साहेब. चेंडू पाणी पिईल."

"नाटकं पुरे. तुझ्या आईला दुसराही पोरगा गमवायचाय का?"

एव्हासियोने मला आणखी घट्ट छातीशी आवळले.

खेळ संपत आला, कोणाचाच गोल नव्हता, आणि पाहुण्यांना पेनल्टी मिळाली. मी डाव्या खांबाकडे सुटलो. एव्हासियोने अंग झोकून मला पोटाखाली घेतले. पाच हजार माणसे ओरडली. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन चौकापर्यंत नेले.

तिसऱ्या दिवशी त्याला संघातून काढले. भट्टीतली नोकरीही गेली. कारण कोणी विचारले नाही. खांद्यावर घेणारेच त्याला पाहून रस्ता बदलू लागले. मला मैदानावरच्या बाकांखालच्या कोठीत फेकले. तिथे उंदरांनी माझी शिवण कुरतडली.

एक दिवस सेकोंदिना दुरुस्तीचे चेंडू न्यायला आली. तिने मला उचलले आणि भरदुपारी, चौकातून, सरळ एव्हासियोच्या घरी नेले. त्याने दार अर्धेच उघडले.

"काकू, तुम्हाला इथे कोणी पाहिलं तर?"

"पाहू दे की! दार नीट उघड, मेल्या. आणि आईला म्हणावं, कॉफी टाक."

पुढे दर रविवारी मैदानावरचा गलका त्या घरात ऐकू यायचा. एव्हासियो मला मांडीवर घेऊन, चामडे मऊ राहावे म्हणून चरबी चोळत बसे. आपल्या संघाने गोल खाल्ला, हे गलक्यावरून त्याला कळे आणि त्याचे हात थांबत.

मित्रांनो, चामड्याला उन्हापासून आणि उंदरांपासून जपा. पण तुमच्यासाठी झटणाऱ्या माणसाला त्याहून जपा. टाळ्या वाजवायला सगळेच येतात. त्याची जागा गेली की त्याच्या दारावर थाप मारायला जा, आणि दिवसाउजेडी जा.