बागेतला कळंब

विद्यापीठाने बाळकुमला वृक्षबाग काढली आणि ती गुरुदत्त सबनिसांच्या हाती दिली, त्या दिवसापासून गावात पानाला सोन्याचा भाव आला. एरवी विद्यार्थी तिथे झाडाखाली बसून शिकत. रविवारी नौपाड्याची मंडळी डबे घेऊन येत. पण कुणी पान तोडलं की सबनीस कुठूनही प्रकट होत. खाली पडलेलं उचलणाऱ्याकडेही ते संशयानेच बघत.

वैशाखातल्या एका रविवारी सकाळी शेजारची ठमाबाई फाटकाशी आली. तिच्या नातीचं, जयाचं, लग्न उद्यावर आलेलं.

“मास्तर, कळंबाची फांदी पायजे. आमचा देवक हाय. त्याच्याबिगर हळद नाय लागत.”

“दुसरीकडचा कळंब बघा ना, बाई.”

“व्हता एक. बागेच्या रस्त्यात तुमीच पाडलात.”

सबनिसांनी बागेतल्या कळंबाकडे पाहिलं. एकीला दिली तर उद्या सगळं गाव कोयते घेऊन येणार. पण पोरीची हळद अडवायची कशी? दुपारी त्यांनी मन घट्ट करून स्वतःच एक फांदी कापली, झाडाच्या जखमेवर शेणमाती लिंपली आणि फांदी तान्ह्या बाळासारखी फडक्यात गुंडाळून ठमाबाईच्या घरी नेली. कौतुक होईल असा अंदाज होता.

ठमाबाईने कपाळाला हात लावला. “ही काय बाजारातली भाजी हाय? झाडाला पुजायचं, लग्नाला बोलवायचं, जोडप्यानं वाजत जाऊन आणायची. ही चुलीत घाला.”

“म्हणजे अजून एक तोडायची?”

“ही तुमी तोडलीत. तिचं तुमी बघा.”

ओटीवर बसलेली जया नुसती फांदीकडे बघत राहिली. सबनिसांनी फांदी पाठीमागे घेतली.

“संध्याकाळी या,” ते म्हणाले. “वाजंत्री घेऊन.”

संध्याकाळी जयाचा काका गणू बायकोसह आला, मागे सनई, त्यामागे डबे टाकून आलेली नौपाड्याची मंडळी.

“सर, ‘फांद्या तोडू नयेत’ ही पाटी?” नीला या विद्यार्थिनीने हळूच विचारलं.

“तिच्यापुढे उभी राहा. जरा पदर पसरून.”

पूजा झाली. गणूने कोयता उचलला.

“थांबा, डोळ्याच्या जरा वरून घ्या,” सबनीस म्हणाले. “तिथून पुन्हा फुटेल.”

“आधी पाया पडा, मास्तर,” ठमाबाई म्हणाली. “दुपारच्या फांदीचंबी बोला.”

सबनीस चपला काढून वाकले आणि झाडाशी बरंच काही बोलले. नीलालासुद्धा ते ऐकू आलं नाही. मग कोयता पडला, सनई पुन्हा वाजू लागली आणि जयाचं देवक गणूच्या खांद्यावर बसून फाटकाबाहेर निघालं.