बगीच्याचं कुलूप

पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, त्याच सालच्या वैशाखात केसरबाईनं एकुलत्या एका लेकीचं, दामिनीचं, लग्न लावून दिलं. घरात ती आणि तिचा नवरा बापूजी, दोघंच उरली. दिवाळीच्या आत बापूजींच्या पायावर सूज चढली आणि सौंसरहून नागपूरच्या बसच्या खेपा सुरू झाल्या. किडन्या थकल्या होत्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायचं.

डॉक्टरांनी केळं, टमाटर, नारळपाणी बंद केलं. आणि संत्रं. रक्तात पोटॅशियम वाढलं तर काळीज बंद पडेल म्हणाले.

बापूजी बाहेर येऊन हसले. "म्हंजे आपलं पोटॅशच ना वो? झाडाले कमी पडते म्हून जलमभर चुलीतली राख बुडाशी टाकली. अन् माह्या आंगात जास्त झालं म्हंते."

"हसू नका. संत्र्याले हात लावान त पाहा."

दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईनं सांगितलं होतं, आलू बारीक चिरून भिजवा, मग भरपूर पाण्यात उकडा. केसरबाई नेमानं करायची. तरी दर तपासणीत आकडा चढलेलाच. पुढच्या साली बगीच्यातली आंबिया बहाराची संत्री पिकून पिवळी झाली, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, बगीचा घरचाच ना? चोरून खाता का?"

"नाई जी. एक फोड बी नाई."

 सौंसरला बसमधून उतरल्यावर केसरबाई म्हणाली, "खाई त्याले खवखवे. मले खरं सांगा."

"सांगून त राहिलो."

"मंग आकडा का मी चढवून राहिली?"

दुसऱ्या दिवशी तिनं बगीच्याच्या फाटकाला कुलूप घातलं. बापूजी काठी टेकत गेले आणि बाहेर बांधावर बसले. शेजारचा हेमराज म्हणाला, "काहून बाहीर, बापूजी?"

"आपलीच मोरी अन् आंघोळीची चोरी, बापा."

तोडीची माणसं आत गेली, क्रेट भरभरून गाडीवर चढले, मालक बांधावरच. घरी आले की केसरबाई त्यांची नखं पाहायची. संत्रं सोललं की नखं पिवळी होतात. बापूजी न सांगता बोटं पुढे करायचे. दोघं एकाच चुलीपुढे जेवायची, आणि घरात आवाज काय तो भांड्यांचा.

पौषात दामिनी माहेरी आली. चुलीपाशी बसल्या बसल्या तिनं पाहिलं, मायनं आलू काढून घेतले आणि उकडल्याचं पाणी वरणात ओतलं.

"माय, हे काय करून राहिली?"

"वरन. काहून?"

"अवो, ते पानी फेकाचं असते. सारं पोटॅशियम त्याच पान्यात उतरते. त्याच्याचसाठी त उकडाले सांगतलं."

केसरबाईनं वरणाचं भांडं चुलीवरून उतरवलं. उकडल्याचं पाणी फेकणं म्हणजे अन्न फेकणं, असं सासूनं शिकवलं होतं. भिजवल्याचं पाणी कणकेत, उकडल्याचं वरणात. साल होऊन गेलं होतं.

बापूजी ओसरीवरून ऐकत होते. तिनं जाऊन किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "मी चुकली. जा, बगीच्यात जाऊन या."

"ठेव तुह्यापाशीच. तोड झाली. आता तिथं काय पाहाचं?"

"राग आला का जी?"

"राग नाई वो. तू नखं पाहे, तवा मले वाटे, कोन्या परक्याच्या घरी राहून राहिलो."

पाणी फेकायला लागल्यावर आकडा उतरला. डॉक्टर खूश झाले. "शाबास आजोबा. सोडली ना शेवटी संत्री?"

केसरबाई तोंड उघडणार, तोच बापूजी म्हणाले, "हो जी. सोडली."

फाटक उघडंच असायचं. ते मात्र बांधावरूनच परत फिरायचे.

बापूजी २०२५ सालच्या होळीच्या आदल्या दिवशी, बुधवारी, छातीत कफ भरून घरीच वारले.