शोकेसची किल्ली

मी एक जुना कप आहे. जुना म्हणजे वयाने, वापराने नाही. गेल्या महिन्यापर्यंत माझ्या कानाला धड बोटांचे डागसुद्धा पडलेले नव्हते, आणि मित्रांनो, याचंच मला दुःख होतं.

मला भट्टीत भाजलं, पांढरं शुभ्र केलं, माझ्या अंगावर निळी फुलं काढली. सातपूरच्या कारखान्यात रहेमानभाईंची नोकरी कायम झाली, तेव्हा ते आम्हा सहा भावंडांना घरी घेऊन आले. बिलकिसबाईंनी आम्हाला डोळे भरून पाहिलं आणि शोकेसमध्ये ठेवून कुलूप लावलं. "कोणी खास आलं की काढू," त्या म्हणाल्या.

एकवीस वर्षांत कोणी खास आलंच नाही! चारजण आले तर ते घरचेच निघायचे. सातजण आले तर एक कप कमी पडायचा. रमजान ईदच्या आधी आम्हाला आंघोळ घालायची, पुसायचं, परत आत. शीरखुर्मा मात्र स्टीलच्या वाट्यांत. मी काचेतून बघत बसायचो आणि मनातल्या मनात चरफडायचो.

रोज दुपारी चार वाजता शेजारच्या सुमनबाई यायच्या. त्या शाळेत शिक्षिका होत्या, पुढे रिटायर झाल्या, पण चारचा चहा चुकला नाही. दोघी स्टीलच्या ग्लासातून चहा प्यायच्या आणि सगळ्या कॉलनीची खबर घ्यायच्या. सुमनबाई माझ्याकडे बघून चिडवायच्या, "बिलकिस, त्या कपातून कधी पाजणार गं मला?"

"तुम्ही काय पाहुण्या आहात का सुमनताई? घरच्यांना ग्लासच बरा."

रहेमानभाई वारले तेव्हा या घरात चूल पेटली नाही. तीन दिवस चहा, जेवण सगळं सुमनबाईंच्या घरून आलं. त्यानंतर बिलकिसबाईंना बोलायला माणूस उरलं ते हे एकच. मला वाटलं, आता तरी किल्ली फिरेल. कसलं काय!

गेल्या महिन्यात सुमनबाईंचा मुलगा अश्विन पुण्याहून टेम्पो घेऊन आला. आईचे गुडघे गेले होते, एकटीला जिना जमत नव्हता. सामान भरून झालं. सुमनबाई निरोप घ्यायला आल्या तशा बिलकिसबाई एकदम उठल्या. "थांबा. आज कपातून चहा देते."

आणि किल्ली सापडेना. इतकी जपून ठेवलेली की ठेवणारीलाच आठवेना. कपाट झालं, डबे झाले, उशांचे अभ्रे झाले. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. शेवटी किल्ली शिवणाच्या डब्यात मिळाली. बिलकिसबाईंनी कुलूप उघडलं. त्यांनी मला घाईने विसळलं, चहा ओतला. पहिल्यांदा माझ्या अंगात ऊब आली, मित्रांनो. काय सांगू तुम्हाला!

सुमनबाईंनी उभ्यानेच एक घोट घेतला आणि हसल्या. "अगं, साखर विसरलीस."

"आणते, थांबा ना."

"राहू दे. असाच छान आहे."

"आई, चल ना," अश्विन दारातून म्हणाला. सुमनबाईंनी बिनसाखरेचा चहा शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, मला बिलकिसबाईंच्या हातात दिलं आणि जिना उतरून गेल्या. बिलकिसबाई मला धरून कितीतरी वेळ दारात उभ्या होत्या. नंतर त्या रडल्या.

आता शोकेसला कुलूप नसतं. रोज चार वाजता बिलकिसबाई माझ्यातूनच चहा पितात. मला हवं होतं ते सगळं मिळालं, पण समोरची खुर्ची रिकामी असते आणि त्या एक शब्द बोलत नाहीत. अशा वेळी मला परत आत जाऊन बसावंसं वाटतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं काहीतरी जपून ठेवलेलं असेल. ते आज काढा. जे माणूस रोज येतं, रोज तुमच्यासमोर बसतं, त्याच्यासाठी काढा. आणि चहात साखर घालायला तेवढा निवांत वेळ ठेवा.