न्हाणीतला भाडेकरू

सुगंधाचं लग्न झालं ते १९५८ सालच्या वैशाखात. नवरी लालबागची, नवरा परळचा, पण लग्न मात्र आचऱ्याजवळच्या वाडीत, परशुरामाच्या घरासमोरच्या खळ्यात. तसा परशुरामाचा हट्टच होता. छत्तीस वर्षं मुंबईच्या गोदीत काढली, त्याच होळीला निवृत्त झाला, आणि एकुलत्या एका मुलीच्या अक्षता गावच्या मातीत पडाव्यात एवढंच त्याचं मागणं होतं. त्याच्या बायकोने, आनंदीबाईने, ते मान्य केलं. मे महिन्यातलं कोकण तिला ठाऊक होतं. आंबे, फणस, चार पाहुणे आणि परतीची बोट.

मालवण बंदरातून पावसाळ्याआधीची शेवटची बोट निघाली. मुलगी, जावई आणि वऱ्हाड बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसलं. आनंदीबाई आपली ट्रंक शोधायला लागली.

"अहो, आपली ट्रंक?"

"घराकडे आसा," परशुराम समुद्राकडे बघत म्हणाला.

"घरी? आणि आपण कसे जायचे?"

"आपण जावचा नाय. एक पावसाळो रवया. तीस वर्सां तू मेच्या महिन्यात इलंस नि गेलंस. गावचो पाऊस खंय बघितलंस?"

आनंदीबाईचा जन्म गिरगावातल्या चाळीतला. बंदरावर भांडण करायची तिची छाती झाली नाही. पण घरी येताना बैलगाडीत ती एक अक्षर बोलली नाही. नवऱ्याने ते कबुलीचं लक्षण मानलं. पुरुषांची ही चूक जुनीच आहे.

मग पाऊस आला, आणि आल्यावर जायचं नावच विसरला. त्यात त्या वर्षी श्रावण अधिक. म्हणजे एका पावसाळ्यात दोन श्रावण. पंचांगातसुद्धा आपल्याविरुद्ध कट झालाय, असं आनंदीबाईला वाटलं.

ट्रंकेतल्या लुगड्यांना बुरशी आली. चपलांना पांढरी लव फुटली. काडेपेटी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची, तरी दहा काड्यांतली एक पेटायची. चुलीत ओली लाकडं. फुंकणी फुंकून डोळे लाल. ओलं लुगडं चुलीवरच्या दोरीवर वाळत घालायचं, त्यामुळे अंगाला सदा धुराचा आणि सुक्या बांगड्याचा वास. मासेमारी बंद, म्हणून जेवणात कुळथाची पिठी, नाहीतर तोच सुका बांगडा. व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, साकव पाण्याखाली गेला की टपालवाला चार चार दिवस फिरकत नसे. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात बसून आनंदीबाई मनातल्या मनात लालबागला जाई. बटण दाबलं की दिवा. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की नळाला पाणी. गॅलरीत चौदा बिऱ्हाडं, चौदा तऱ्हेच्या बातम्या. खाली ट्रामची घंटा. इथे बातमी काय, तर कोणाची तरी म्हैस व्याली.

"मुंबईत पाऊस पडत नाय काय गो?" जाऊ विचारी. ही जानकी, परशुरामाच्या थोरल्या भावाची बायको. तोंडाने फटकळ, पोटात माया.

"पडतो हो, वहिनी. पण तिथे तो बाहेर पडतो."

जानकी पदर तोंडाला लावून हसायची. कारण माजघरात तीन ठिकाणी भांडी मांडलेली असत, आणि त्या भांड्यांत पाऊस टपटप पडत असे.

पण हे सगळं एका पारड्यात आणि न्हाणीतला बेडूक दुसऱ्या पारड्यात. नारळाच्या करवंटीएवढा, पाठीवर पिवळा पट्टा, आणि पुढच्या डाव्या पायाचं एक बोट तुटलेलं. पाण्याच्या दगडी डोणीमागे त्याचा मुक्काम.

"तो आमचो जुनो भाडेकरू," जानकी सांगे. "खाली कर म्हटला तर करणा नाय, नि भाड्याचा नाव काढणा नाय."

रोज सकाळी आनंदीबाई न्हाणीत शिरे, आणि पुढच्या क्षणाला अशी किंकाळी येई की गोठ्यातले बैल कान टवकारत. मग परशुराम खराट्याची काठी घेऊन जाई, बेडकाला मागच्या मोरीतून हाकलून देई आणि बाहेर उभा राहून म्हणे, "गेलो हां. न्हाव आता." दुसऱ्या दिवशी बेडूक परत हजर. वाडीतल्या बायका किंकाळी ऐकून म्हणत, "आनंदीबाय उठली, भाकरी टाकूक होयी." लालबागला भोंगा होता, वाडीला आनंदीबाई मिळाली.

निज श्रावण लागला तसं मुंबईहून घरमालकाचं पत्र आलं. खोली ठेवणार की सोडणार, ते गणपतीच्या आधी कळवा; सोडणार असाल तर दुसरं बिऱ्हाड तयार आहे. परशुरामाने त्याच दिवशी कार्ड लिहून टाकलं. 'खोली सोडतो.' लिहिलं आणि पडवीतल्या देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवलं.

आनंदीबाईने ते वाचलं. एक पावसाळा म्हणता म्हणता हा माणूस सगळं आयुष्य इथे भिजत घालायला निघाला होता.

"मला विचारलंत?"

"म्हणान तर अजून टाकूक नाय," परशुराम म्हणाला. "देवाक विचारया. सोमवारी कौल लावया. देव काय सांगात ता तुका नि माका, दोघांक कबूल."

"कबूल," आनंदीबाई म्हणाली. आणि बोलल्यावर तिला आपली चूक कळली.

कारण रवळनाथाच्या देवळातला कौल तिने या दोन महिन्यांत चार वेळा बघितला होता. करमणूक दुसरी कसली होती तिथे? दाजी गुरव देवाच्या काळ्या पाषाणाला, उजव्या खांद्यावर एक आणि डाव्या खांद्यावर एक, अशा दोन पाकळ्या पाण्याने चिकटवायचा. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. धोंडूने म्हैस घ्यावी का? उजवा. दत्तारामाने विहीर खणावी का? उजवा. चारही कौल उजवे. लोक म्हणत, पावसात देव दयाळू असतो. पण आनंदीबाई चाळीत वाढलेली, नळावरची रांग कोण मोडतं हे लांबून ओळखणारी. तिने बघितलं होतं की गाभाऱ्याची डावी भिंत गळते, म्हणून दाजी पावसाळ्यात समई उजवीकडे ठेवतो. समईच्या उबेने उजवी पाकळी सुकते आणि पडते. डावी गळक्या भिंतीजवळ ओलीचिंब चिकटून राहते. दाजीच्या मनात कपट नव्हतं. त्याला समई विझायला नको होती, एवढंच.

थोरले भावोजी, म्हणजे जानकीचे यजमान सत्यवान, देवापुढे गाऱ्हाणं घालणार होते. आनंदीबाईने जानकीच्या तोंडून त्यांना निरोप धाडला, की देवाला असं विचारा, मुंबईला परत जावं का?

सत्यवान पडवीतून गरजले, "गाव सोडूक उजवो कौल मागतत? देवाक काय तिकीट काढूक सांगतत? माझो भाव हय रवाचो काय, असाच इचारतलंय."

म्हणजे निकाल लागल्यातच जमा होता. बायकांना गाभाऱ्यात मज्जाव, त्यामुळे समई हलवणं तिच्या हातात नव्हतं. गाभाऱ्यात तिची एकच वस्तू जाणार होती. घरच्या बाईने नेलेली फुलांची परडी दाजी आत घ्यायचा आणि देवाच्या डाव्या बाजूच्या दगडावर ठेवायचा. आनंदीबाईला आठवलं, मागच्या कौलाच्या वेळी तिथेच, गळक्या भिंतीच्या ओलीला, एक लहानसा बेडूक देवाच्या मांडीवर येऊन बसला होता आणि दाजीने त्याला हात जोडून बाजूला केलं होतं.

सोमवारी सकाळी ती न्हाणीत गेली. भाडेकरू डोणीमागून बघत होता. आधी तिने करवंटी वापरून बघितली. बेडूक उडाला, तिच्या पावलावरून पलीकडे गेला. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग डोळे मिटले, रामरक्षेची सुरुवात केली आणि दोन्ही हातांनी त्याला धरलं. थंड, गुळगुळीत, आणि पोट असं धडधडत होतं की तिला ते आपलंच काळीज वाटलं. रामरक्षा दुसऱ्या ओळीवरच अडकली. तिने त्याला परडीत टाकलं, वरून तगरीची आणि जास्वंदीची फुलं ओतली आणि त्यावर अळूचं मोठं पान बांधलं. पावसात फुलं झाकूनच न्यायची असतात, त्यात कोणाला काय दिसणार?

ती बाहेर आली तेव्हा परशुराम काठी घेऊन दारात उभा होता.

"निघायचं?" ती म्हणाली.

परशुरामाने तिच्याकडे बघितलं, मग परडीकडे. काठी भिंतीला टेकवून ठेवली. "चल," म्हणाला.

देवळात पाचच माणसं. पाऊस असा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. दाजीने परडी घेतली, पान न सोडताच डावीकडे ठेवली, कडेने दोन बोटं घालून एक जास्वंद ओढून काढली आणि पाकळ्या चिकटवल्या. सत्यवानांनी हात जोडले.

"बा देवा रवळनाथा! हो तुझो लेकरू छत्तीस वर्सां गोदीत रवान आज तुझ्या पायाकडे इलो हा!"

"व्हय म्हाराजा!" जानकी, दाजी आणि परशुराम एका सुरात.

"तेच्या नशिबात हयलो वारो नि हयला पाणी आसात, तर उजवो दी! नाय आसात तर डावो दी!"

"व्हय म्हाराजा!"

आनंदीबाईने डाव्यापुरतंच 'व्हय' म्हटलं.

घटका गेली. उजवी पाकळी कडेने वळायला लागली. समई संथ जळत होती. डावी ओल्या दगडाला अशी बसली होती, जणू कोरलेली. परडीतून काही हालचाल नाही. मेला की काय? की झोपला? तीन महिने एक दिवस चुकला नाही, आणि आजच शहाणा झाला?

उजव्या पाकळीचं टोक दगडापासून सुटलं. सत्यवान खाकरले.

तेवढ्यात अळूचं पान फाटलं आणि फुलांचं कारंजं उडालं. बेडूक पहिल्या उडीत दाजीच्या गुळगुळीत डोक्यावर. दाजी "अगे माझे आवशी!" करून खाली बसला. दुसरी उडी देवाच्या उजव्या खांद्यावर, सुटत आलेल्या पाकळीच्या अगदी खाली! आनंदीबाईला वाटलं, आता हा मेला आपल्याच गळ्यावर पाय देतो. पण खाली समई होती. तिची ऊब पोटाला लागली तसा भाडेकरू जागच्या जागी फिरला आणि ओल्या भिंतीच्या रोखाने उडाला. वाटेत देवाचा डावा खांदा. मागच्या पायाचा फटका बसला आणि पाकळी गळून दाजीच्या मांडीवर पडली.

"डावो!" जानकी ओरडली.

"ह्यो कसलो डावो?" सत्यवान उसळले. "बेडकाचो कौल चलाचो नाय! दाजी, परत लाव!"

दाजी डोकं पुसत उठला. रोज पूजा करून त्याला देवाच्या वतीने बोलायची सवय होती. "सत्यवाना, देवाक हात नाय. वाऱ्यान पाडल्यान तर चलता, पालीन पाडल्यान तर चलता, मग बेडकान काय घोडा मारल्यान? म्हाराजान आपलो माणूस धाडल्यान. एकदा दिलेलो कौल परत मागूचो नाय."

सगळे परशुरामाकडे बघायला लागले. तो मात्र बेडकाकडे बघत होता. बेडूक भिंतीच्या ओलीला पुढचा डावा पाय पसरून बसला होता. त्या पायाचं एक बोट नव्हतं.

आनंदीबाईने ते बघितलं आणि डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला.

"देवान सांगल्यान, विषय संपलो," परशुराम म्हणाला. घरी आल्यावर त्याने तसबिरीमागचं कार्ड काढलं आणि चुलीत घातलं. ओल्या लाकडांमध्ये तेवढं एक भुरकन पेटलं.

दुसऱ्या दिवशी जानकी न्हाणीतून डोकावून म्हणाली, "काय गो आनंदी, भाडेकरू दिसणा नाय तो? खंय गेलो असात?"

"मला काय ठाऊक? मुंबईला गेला असेल."

जानकी इतकी हसली की तिला खांबाला धरावं लागलं. पण सत्यवानांना तिने जन्मभर सांगितलं नाही.

गणपती विसर्जन करून दोघं एस.टी.ने कोल्हापूरला आणि तिथून आगगाडीने मुंबईला गेली. पुढे परशुराम रोज सकाळी गॅलरीत बसे, गावच्या पावसाच्या गोष्टी चौदा बिऱ्हाडांना सांगे, आणि आनंदीबाई आतून "खोटं आहे सगळं!" म्हणून ओरडे. वर्षातून एकदा, मे महिन्यात, दोघं गावी जात आणि बोटीचं परतीचं तिकीट आनंदीबाई आपल्या चोळीत ठेवी.

आठ वर्षांनी, १९६६ ला, पुन्हा अधिक श्रावण आला. गॅलरीत पावसाची झड येत होती. परशुरामाला दम्याने बोलवत नव्हतं, तरी तो म्हणाला,

"त्या सोमवारी तू ओरडलंस नाय."

आनंदीबाई तांदूळ निवडत होती.

"तीन महिने रोज ओरडलंस. त्या दिवशी न्हाणीत गेलंस, नि आवाज नाय. मी काठी घेवन उभो. मगे परडी हलताना बघितलंय."

"मग बोलला का नाहीत देवळात?"

"काय बोलतलंय?" तो हसला आणि त्याला ढास लागली. ती थांबल्यावर म्हणाला, "जी बाय तेका हातान धरता, तिका हय ठेवन मी काय करतलंय, असा वाटला."

आनंदीबाईने सुपातले तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले.

परशुराम १९६७ सालच्या माघात, रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी, लालबागच्या त्याच खोलीत वारला. आनंदीबाईने डोळे मिटले ते १९६९ च्या श्रावणात, गावी, थोरल्या जाऊबाईंच्या घरी; त्या वर्षी ती आपणहून पावसाळ्याला तिथे राहिली होती.